तुरुंगाच्या दारापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत

(झाशी येथील मराठी भाषिक कार्यकर्ते व सहानुभूतीदार यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलण्याचे मी ठरविले आहे, तो आपल्या ठरावांत क्वचितच येतो. खोटे खटले, पोलिसी दडपशाही, कच्च्या कैद्यांची कोंडी, तुरुंगातील हाल या प्रश्नांवर आपण ठराव करतो, निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते केलेच पाहिजे. परंतु माणूस सुटून बाहेर आल्यानंतर त्याचे पुढे काय होते? हा प्रश्न आला की तो आपण त्याच्या घरच्यांवर सोपवितो आणि पुढील कार्यक्रमाकडे वळतो. ‘सुटला ना, आता घरी गेला’ एवढ्याने आपले समाधान होते. जणू घरी जाणे ही अत्यंत सोपी गोष्ट आहे!

ती सोपी नाही. तुरुंगाचे दार एका दिवसात उघडते. घराचा उंबरठा ओलांडण्यास मात्र कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. या काळात माणूस पुन्हा उभा राहणार की पुन्हा कोसळणार, हे बव्हंशी त्याचे कुटुंब त्याला काय देऊ शकते यावर ठरते. आणि कुटुंब काय देऊ शकते हे त्या कुटुंबाच्या मायेवर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या चुलीवर, मजुरीवर, रेशनकार्डावर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वर्तनावर अवलंबून असते. म्हणूनच हा घरगुती प्रश्न नाही. तो सामाजिक प्रश्न आहे, आणि आपल्या कामाचा भाग आहे.

या विषयाची चर्चा झाशीत करण्यास विशेष कारण आहे. या गावाने केवळ लढणारी माणसे दिली असे नाही. तुरुंगातून परतलेल्या माणसांनी आयुष्य पुन्हा कसे उभारले, याचे अत्यंत बोलके उदाहरणही याच गावाने दिले आहे. त्यांपैकी एक तर आपल्याच मराठी घरातला.

१९२५ च्या काकोरी प्रकरणानंतर चंद्रशेखर आझाद भूमिगत होऊन या परिसरात राहिले. ओरछ्याजवळ सातार नदीच्या काठी ते ब्रह्मचाऱ्याच्या वेषात होते, आणि मास्टर रुद्रनारायण यांचे झाशीतील घर हा त्यांचा आसरा होता. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांत भगवानदास माहौर होते, विश्वनाथ वैशंपायन होते आणि सदाशिवराव मलकापूरकर होते. १९२९ साली सदाशिवराव व माहौर हे दोघे शस्त्रे घेऊन जात असता भुसावळ स्थानकावर पकडले गेले. पुढे २१ फेब्रुवारी १९३० रोजी जळगावच्या न्यायालयात माहौर यांनी माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. माहौर यांना जन्मठेप झाली. सदाशिवरावांनाही दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आल्यावर राजबंद्यांच्या सुटकेचा जो प्रश्न ऐरणीवर आला, त्यानंतर हे दोघे बाहेर आले.

बाहेर आले तेव्हा परिस्थिती काय होती? ज्यांच्या शब्दावर त्यांनी घर सोडले होते ते आझाद २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादेत धारातीर्थी पडले होते. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले होते. संघटना मोडली होती. शिकण्याचे वय तुरुंगात गेले होते. अशा अवस्थेत माणूस खचून गेला असता तर त्यात नवल नव्हते. पण माहौर यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली. पदव्या मिळविल्या, १८५७ च्या संग्रामाचा हिंदी साहित्यावर झालेला परिणाम हा विषय घेऊन डॉक्टरेट मिळविली, आणि याच गावातील बुंदेलखंड कॉलेजात अध्यापन केले. सदाशिवराव व शिव वर्मा यांच्यासह त्यांनी ‘यश की धरोहर’ हे आपल्या गेलेल्या सोबत्यांच्या आठवणींचे पुस्तक सिद्ध केले. १९७९ साली त्यांचे निधन झाले.

आणि सदाशिवराव? त्यांनी जे केले ते आजच्या आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते. आझादांच्या मातोश्री जगरानीदेवी मध्य भारतातील भाबरा गावी एकाकी व अत्यंत हलाखीत दिवस काढीत होत्या. मुलगा गेला, पती गेले. स्वातंत्र्य आले, पण त्या घराच्या दाराशी कोणी आले नाही. सदाशिवराव तेथे गेले आणि त्या वृद्धेला झाशीस घेऊन आले. तिला आईच्या ठिकाणी मानून सांभाळले, तिची तीर्थयात्रेची इच्छा पुरी केली. २२ मार्च १९५१ रोजी झाशीतच त्यांचा अंत झाला, तेव्हा पुत्राच्या नात्याने अंत्यसंस्कार सदाशिवरावांनीच केले. बडागाव दरवाजाजवळ त्यांची समाधी आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल.

मित्रहो, ही कथा आपण नेहमी त्यागाची व मातृभक्तीची कथा म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजूही पाहा. कारावास भोगून आलेल्या माणसाला एका आईची गरज होती, असे आपण समजतो. वस्तुतः एका आईला त्याची गरज होती. तुरुंगात माणसाकडून सगळ्या जबाबदाऱ्या काढून घेतल्या जातात. केव्हा उठावे, केव्हा जेवावे, कोठे उभे राहावे हे दुसरे कोणी ठरवितो. तेथे तो कोणाचा मुलगा नसतो, बाप नसतो, भाऊ नसतो. तो एक क्रमांक असतो. बाहेर आल्यावर त्याला भाकर लागते हे खरे, पण केवळ भाकरीने तो माणसात येत नाही. कोणीतरी त्याच्या भरवशावर आहे, त्याच्या येण्याची वाट पाहत आहे, त्याच्यावाचून एखादे काम अडले आहे, ही जाणीव त्याला पुन्हा माणूस करते. कुटुंब त्याला आसरा देते. पण त्याहून मोठी गोष्ट ही की कुटुंब त्याला जबाबदारी देते.

याच प्रकारचे दुसरे उदाहरण बटुकेश्वर दत्त यांचे. १९२९ च्या असेंब्ली बाँब प्रकरणी जन्मठेप, अंदमान, १९३८ साली सुटका, १९४२ च्या चळवळीत पुन्हा कारावास. १९४७ साली त्यांनी अंजलीदेवींशी विवाह केला व पाटण्यात संसार थाटला. स्वतंत्र भारतात त्यांना उपजीविकेसाठी वणवण करावी लागली, ही राज्यकर्त्यांना लाज आणणारी गोष्ट आहे. पण त्या वणवणीतही ते एकाकी नव्हते. पत्नी होती, आणि दिल्लीच्या रुग्णालयात ते मृत्युशय्येवर असताना भगतसिंगांच्या माता विद्यावतीदेवी त्यांच्या उशाशी आल्या. २० जुलै १९६५ रोजी दत्त गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे हुसेनीवाला येथे, आपल्या सोबत्यांच्या शेजारीच, त्यांचा अंत्यविधी झाला. मुलगा गमावलेल्या आईने त्याच्या सोबत्याला मुलगा मानले. रक्ताचे नाते नसताना घर उभे राहिले. कुटुंब या शब्दाचा अर्थ आपण किती व्यापक घ्यावयाचा, हे या दोन मातांनी आपल्याला शिकविले आहे.

आता कोणी म्हणेल, हे थोर देशभक्त होते, त्यांना समाजात मान होता. चोरीच्या किंवा मारामारीच्या गुन्ह्यात आत गेलेल्या सामान्य माणसाशी त्यांची तुलना कशी होईल? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर असे की, सामान्य कैद्याला कुटुंबाच्या आधाराची गरज त्यांच्याहूनही अधिक आहे. राजबंदी सुटला की गावात हारतुरे होते. सामान्य कैदी सुटला की गाव दार लावून घेते. एकामागे इतिहास उभा असतो. दुसऱ्यामागे फार तर एक म्हातारी आई, एक थकलेली बायको.

हा दुसरा माणूस कोण आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा कोणत्याही न्यायालयात शाबीत झालेला नव्हता. कच्च्या कैद्यांची सर्वाधिक संख्या ज्या राज्यात होती ते राज्य म्हणजे हेच, उत्तर प्रदेश. हे लोक कोणत्या वर्गातून येतात हे आपल्याला सांगावयास नको. ज्यांच्यापाशी हमीदार नाही, वकिलाची फी नाही, तारखेला कचेरीत जाण्यासाठी मजुरी बुडविण्याची ऐपत नाही, त्यांनी तुरुंग भरले आहेत. बुंदेलखंडात तर पाऊस हुकला की निम्मे गाव दिल्लीच्या वाटेला लागते. ज्या घरातील कमावता आत आहे, त्या घराने त्याला भेटावयास यावे की मजुरीला जावे?

कुटुंबाचा आधार आणि कैद्याचे पुढील आयुष्य यांचा संबंध इतर देशांत मोजलाही गेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्याने २०११ साली हजारो सुटलेल्या कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली; ज्यांना तुरुंगात भेटी मिळत होत्या, त्यांच्यात पुन्हा गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा होण्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी कमी आढळले. ब्रिटनमध्ये २०१७ साली लॉर्ड फार्मर यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालात असे नमूद आहे की, कुटुंबीयांच्या भेटी मिळणारे कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता इतरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी असते. हे आकडे महत्त्वाचे आहेत. पण आपण त्यांच्याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. भेटीला कोण येऊ शकतो? ज्याच्याजवळ गाडीभाडे आहे तो. ज्याला मालकाने रजा दिली तो. म्हणजे भेटीमागे माया असते आणि ऐपतही असते. सत्ताधाऱ्यांना ‘कुटुंबाने कैद्याला सांभाळावे’ असे म्हणणे फार सोयीचे वाटते, कारण त्यात सरकारचा एक पैसाही खर्च होत नाही. कुटुंबाचे गुणगान करावयाचे आणि त्याच कुटुंबाची भाकर काढून घ्यावयाची, हा दुटप्पीपणा आपण उघडा पाडला पाहिजे.

आपल्या न्यायव्यवस्थेने कुटुंबाच्या आधाराला कसे झिडकारले, याचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरातच आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला जामीन मंजूर झाला. खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा हमीदार मागितला. त्याचा भाऊ हमी राहावयास पुढे आला. पण भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली, म्हणून ती हमी नाकारण्यात आली. भाऊ भावासाठी उभा होता, कायदा मध्ये आडवा आला! १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा प्रकार अन्याय्य ठरवून एक हजाराच्या मुचलक्यावर त्याची सुटका करविली. हे तेच कृष्ण अय्यर, ज्यांनी १९४८ साली स्वतः महिनाभर तुरुंग पाहिला होता आणि १९५७ च्या केरळातील कम्युनिस्ट मंत्रिमंडळात कायदा व तुरुंग ही खाती सांभाळली होती. तुरुंगाची आतली बाजू पाहिलेल्या माणसाला कैद्याच्या भावाची किंमत कळली, हा योगायोग नव्हे.

कुटुंबाला दूर ठेवणारा तुरुंग आणि कुटुंबाला जवळ करणारा तुरुंग यांतील फरक पाहावयाचा असेल, तर आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना तेथे भिंतींशिवाय ठेवले, कसावयास जमीन दिली, आणि बायकामुलांसह राहू दिले. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. चित्रपट सर्वांनी पाहिला. प्रयोगाचा अर्थ मात्र थोड्यांनीच घेतला. अर्थ असा की, माणसाला त्याच्या माणसांत ठेवूनही शिक्षा भोगविता येते, आणि सुटकेच्या दिवशी तो परका होऊन बाहेर पडत नाही. कारण तो कधी तुटलेलाच नसतो. राजस्थानात सांगानेर येथे १९६३ पासून अशीच खुली वसाहत आहे. कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर काम करून कमावतात, संध्याकाळी हजेरीला परत येतात. ज्या संपूर्णानंदांचे नाव त्या शिबिराला आहे, ते या राज्याचे मुख्यमंत्री होते. १९५२ साली बनारसजवळ चंद्रप्रभा धरणावर कैद्यांचे पहिले खुले शिबिर याच राज्याने चालविले. म्हणजे वाट येथूनच निघाली होती. ती पुढे रुंद का झाली नाही, हे राज्यकर्त्यांना विचारण्याचा अधिकार झाशीच्या जनतेला आहे.

याच राज्यात १९३८ चा एक कायदा आहे, कैद्यांना अटीवर मुदतीपूर्वी मुक्त करण्याचा. कैद्याला एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या वा संस्थेच्या देखरेखीखाली सोडावयाचे, आणि ती जबाबदारी पत्करण्यास त्या व्यक्तीची वा संस्थेची तयारी हवी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे बाहेर कोणीतरी ‘मी याला सांभाळतो’ असे म्हटले पाहिजे. ज्याचे कुटुंब विखुरले त्याच्यासाठी हे वाक्य कोण उच्चारणार? महाराष्ट्रात कैद्याला संचित रजा व अभिवचन रजा असते. पण त्या रजेवर जावयाचे कोठे, हा प्रश्न ज्याचे घर उरले नाही त्याला छळतोच. कायद्याने दिलेल्या सवलतीदेखील शेवटी घराच्या दारातूनच कैद्यापर्यंत पोचतात. दार नसेल तर सवलत कागदावर राहते.

कॉम्रेड्स, येथे एक सावधगिरीची गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कुटुंब हे आपोआप चांगले असते, अशा भाबडेपणात आपण राहू नये. सरंजामी मूल्ये घरातच सर्वांत खोल रुजलेली असतात. पुरुष तुरुंगात गेला तर बायको डबा घेऊन दाराशी उभी राहते. बाई तुरुंगात गेली तर पुष्कळदा घर तिचे नावही टाकते. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईबरोबर तुरुंगात राहता येते. पुढे त्या मुलाचे काय, आणि सुटल्यावर त्या आईला कोणते दार उघडे? सासरचे म्हणतात माहेरी जा, माहेरचे म्हणतात आमची अब्रू गेली. अशा स्त्रीला ‘कुटुंबाकडे परत जा’ असे सांगणे म्हणजे तिची थट्टा करणे होय. तिच्यासाठी दुसरे घर उभे करावे लागेल, आणि ते उभे करणे हे स्त्री संघटनेचे व आपले काम आहे.

त्याचप्रमाणे, ज्या पुरुषाने घरातच हिंसा केली, त्याला परत घेण्याची सक्ती बायकोवर वा मुलांवर कोणीही करता कामा नये. आणि ज्यांच्यावर गुन्हा घडला, त्यांचेही कुटुंब असते, तेही बहुधा आपल्याच वस्तीतले, आपल्याच वर्गातले असते, हे विसरून केलेले पुनर्वसनाचे काम टिकत नाही. दोन्ही घरांत जाऊन बोलण्याचे धैर्य आपल्या कार्यकर्त्यांपाशी असले पाहिजे.

काही समाज असे आहेत की ज्यांच्या बाबतीत एक माणूस नव्हे, सबंध कुटुंबच जन्मापासून आरोपी धरले गेले. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला. आपल्याकडे पारधी, इकडे बुंदेलखंडात कबुतरा, यांच्या वस्तीवर संशयाची ती छाया अजून आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरविली आणि विमुक्त जमातींविषयीच्या नोंदींवरही ताशेरे ओढले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे तुरुंगात झाडू कोणाच्या हाती द्यावयाचा हे जात ठरवीत होती! अशा समाजातील तरुण सुटून घरी येतो, तेव्हा पोलीस त्याच्या आधीच घरी येऊन बसलेला असतो. येथे एकट्या कुटुंबाचा आधार पुरत नाही. सबंध वस्तीमागे संघटनेने उभे राहावे लागते.

संघटना उभी राहिली म्हणजे काय घडते, हे झाशीसारख्या रेल्वेच्या गावाला मी सांगावे असे नाही. मे १९७४ चा रेल्वे संप वीस दिवस चालला. देशभर हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आले. त्या काळात ज्या घरांत शेजारच्या घरातून पीठ आले, ज्या मुलांची शाळा युनियनने सुटू दिली नाही, त्या घरांतला माणूस ताठ मानेने परतला. जेथे घर एकटे पडले, तेथे माणूस परतला तोच घरच्यांच्या डोळ्यांत अपराधी होऊन. तुरुंगवास सारखाच, फरक घडविला तो मधल्या दिवसांतल्या शिध्याने. सुटलेल्या माणसाचे पुनर्वसन त्याच्या सुटकेच्या दिवशी सुरू होत नाही. ते त्याला अटक होते त्या रात्री, त्याच्या घरी सुरू व्हावे लागते.

आपल्या चळवळीला हे नवे नाही. २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यातील धरपकड झाली तेव्हा झाशीतून लक्ष्मणराव कदम या मराठी कार्यकर्त्यालाही आरोपी करण्यात आले. खटल्याचा निकाल लागावयास जानेवारी १९३३ उजाडला. कदमांना शिक्षा झाली तीन वर्षांची; खटला चालला होता त्याहून जास्त काळ! पुढे अपिलात अनेक आरोपी सुटले. तोपर्यंत त्या सर्वांची घरे कोणी धरली होती? घरातल्या बायांनी. उषाताई डांगे यांचे ‘पण ऐकतं कोण?’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल, त्यांना ठाऊक आहे की कैद्याची पत्नी ही केवळ वाट पाहणारी स्त्री नसते. पती तुरुंगात असता त्या गिरणी कामगार स्त्रियांत काम करीत राहिल्या. आपल्या इतिहासात तुरुंगात गेलेल्यांची नावे आहेत. तुरुंगाबाहेर राहून घर व चळवळ दोन्ही चालविणाऱ्यांची नावे त्या मानाने फार थोडी आहेत. ही उणीव भरून काढली पाहिजे.

सोव्हिएत युक्रेनमध्ये १९२० साली पोल्टावाजवळ माकारेंको यांनी अनाथ व गुन्हेगारीत सापडलेल्या मुलांची वसाहत चालविली. पूर्वी चोरी केलेल्या एका मुलाच्या हाती त्यांनी वसाहतीचे पैसे आणावयाचे काम दिले आणि तो ते पैसे घेऊन परत आला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्याच सोव्हिएत राजवटीत पुढे छावण्यांनी लक्षावधी घरे उद्ध्वस्त केली, हेही इतिहासाने नोंदविले आहे, आणि ते आपण डोळ्यांआड करू नये. उलट त्यामुळे माकारेंकोंचा धडा अधिकच पटतो. संशयाने माणूस मोडतो. विश्वासाने सोपविलेल्या कामाने तो उभा राहतो. जे जगरानीदेवींच्या घरात झाले, तेच त्या वसाहतीत झाले.

तेव्हा आपण काय करावयाचे? शाखाशाखांनी पुढील कामे हाती घ्यावीत, असे मी सुचवितो.

पहिले, आपल्या विभागातील ज्या घरचा माणूस तुरुंगात आहे त्या घरांची माहिती ठेवावी, आणि अटकेनंतर आठवड्याच्या आत तेथे जावे. गुन्हा कोणता हे विचारण्यापूर्वी चूल पेटते का, हे विचारावे. मुलांची शाळा सुटू देऊ नये.

दुसरे, कायद्याने जे देऊ केले आहे ते घरापर्यंत पोचवावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणे, मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, आणि त्याच्यावर इतर खटले नसतील, तर तो सुटकेस पात्र ठरतो. तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. जुन्या प्रकरणांनाही हे लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये सांगितले. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी साहाय्य देण्याची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. किती घरांना हे ठाऊक आहे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत त्या घरच्या बाईबरोबर आपल्यापैकी एकाने जाऊन बसावे.

तिसरे, भेट तुटू देऊ नये. ज्याला येथे ‘मुलाकात’ म्हणतात, ती चुकली की पहिला धागा तुटतो. गाडीभाडे नसेल तर वर्गणी काढावी. अक्षर येत नसेल तर पत्र लिहून द्यावे.

चौथे, सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी कोणीतरी उभे असावे. घरचे येऊ शकत नसतील तर आपण असावे. आणि पहिल्याच पंधरवड्यात त्याच्या हाती काम असावे, मग ते युनियनच्या कचेरीतील का असेना. त्याला सहानुभूती देऊ नका, जबाबदारी द्या.

पाचवे, खुल्या वसाहती वाढवा, रजेचे नियम सुलभ करा, स्त्री कैद्यांसाठी सुटकेनंतरची निवासस्थाने उभारा, या मागण्या आपल्या मागण्यांच्या यादीत कायमच्या आल्या पाहिजेत. कुटुंबाने काय करावे हे सांगणाऱ्या सरकारने आधी कुटुंबाला उभे राहता येईल एवढे केले पाहिजे.

मित्रहो, उत्सवात भाषणे करणे सोपे आहे. झाशीच्या राणीची जयंती होते, आझादांची पुण्यतिथी होते, हार घातले जातात. पण भाबऱ्याच्या त्या झोपडीकडे जाणारी वाट सरकारी नव्हती. तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाने ती चालली. आज या शहरात, या जिल्ह्यात अशी किती घरे असतील जेथे कोणी तरी कोणाची वाट पाहत आहे, आणि किती माणसे असतील ज्यांची वाट पाहणारे कोणीच उरलेले नाही! त्या दोघांची गाठ घालून देणे हे काम लहान दिसते. ते लहान नाही. वर्गीय बंधुभाव हा शब्द आपण फार वापरतो. त्याची परीक्षा सभेत होत नाही, अशा घरांच्या दारात होते.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने निदान एका घरी जावे आणि पुढील बैठकीत त्याचा वृत्तान्त द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.